वाडीवरच्या शाळेत मूल्यमापन कसं करावं: एका सत्राची मांडणी

२०२५ च्या दहावीच्या परीक्षेत कोकण विभागाचा निकाल ९८.८२ टक्के लागला, राज्याचा ९४.१० टक्के. कोकण वर्षानुवर्षं पहिलं येतं आणि त्यामागे शिक्षकांचे, मुलांचे कष्ट आहेत. पण दहावी झालेल्या मुलीला घरच्या बागेचा हिशेब मांडता येतो का, बँकेचा अर्ज स्वतः वाचून भरता येतो का, ग्रामसभेत उभं राहून प्रश्न विचारता येतो का, हे त्या आकड्यातून कळत नाही. जे शाळा तपासते तेच वर्गात शिकवलं जातं. म्हणून मूल्यमापन बदलायचं तर शाळा कशासाठी आहे, याचं उत्तर आधी द्यावं लागतं.

ही मांडणी पहिली ते आठवीच्या, दोन ते चार शिक्षकांच्या शाळेसाठी आहे. पट २० ते ४० धरला आहे, म्हणजे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या वाड्यांवर असतो तेवढा. मोठ्या शाळेत हीच कामं एका तुकडीपासून सुरू करावीत. सगळ्या वर्गांत, सगळ्या विषयांत एकदम सुरुवात केली की श्रावणापर्यंत दम संपतो. पहिल्या सत्रात गणित आणि मराठी एवढंच घ्या.

आधी ठरवा: मुलाला काय करता यायला हवं

जूनमध्ये शाळा सुरू झाली की शाळा व्यवस्थापन समितीची पहिली सभा याच विषयावर घ्या. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, त्यामुळे वेगळी सभा बोलवायची गरज नाही. प्रश्न एकच विचारा: आठवी पूर्ण होईपर्यंत आपल्या मुलाला कुणाच्या मदतीशिवाय काय काय यायला हवं? उत्तरं फळ्यावर पालकांच्याच शब्दांत लिहा.

पहिल्या दहा मिनिटांत ‘चांगले मार्क’, ‘इंग्रजी’, ‘शिस्त’ एवढंच येईल. तिथे थांबू नका. इंग्रजी आलं की मूल काय करेल, असं विचारलं की ‘आलेल्या पर्यटकांशी बोलेल’, ‘औषधाच्या बाटलीवरचं वाचेल’ अशी नेमकी उत्तरं येतात. मासेमारी करणाऱ्या घरातून हवामानाचा इशारा समजण्याची गोष्ट निघते, बागायतदारांकडून खर्च-उत्पन्नाचा ताळा. यातली सहा निवडा आणि प्रत्येकीसमोर त्या इयत्तेची अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय यायला हवं याचं अभ्यासक्रमातलं विधान, लिहा. जुळणी बहुतेक वेळा सहज होते, कारण अभ्यासक्रमात या गोष्टी आहेतच. त्या प्रश्नपत्रिकेत उतरत नाहीत, ही अडचण आहे.

यादीत ‘संस्कारक्षम व्हावं’ असं काही आलं तर एक कसोटी लावा. दोन शिक्षकांनी एकमेकांना न विचारता त्याच मुलाकडे पाहिलं, तर दोघांचं मत जुळेल का? जुळणार नसेल तर ते ध्येय दिसेल अशा कृतीत लिहा: ‘गटात दुसऱ्याचं म्हणणं पुरतं ऐकून मग बोलते’.

शाळेने मुलाच्या जगण्याजवळ जायचं ही गोष्ट या किनाऱ्याला नवी नाही. पालघर जिल्ह्यात बोर्डी आणि नंतर कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मूल शाळेत येऊ शकत नव्हतं, म्हणून शाळा कुरणावर गेली. मूल्यमापनातही मुलाचं काम जिथे चालतं तिथे जाऊन बघण्याची तयारी लागते.

नियम किती मोकळीक देतात

बरेच शिक्षक म्हणतात की करायचं आहे, पण नियमात बसत नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय पुन्हा वाचा. त्यात आकारिक (वर्गात रोज चालणारं) आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेचं) मूल्यमापनाचा भार असा आहे: पहिली-दुसरीला ७०-३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. आकारिकासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं दिली आहेत. म्हणजे सहावीतल्या मुलाचे निम्मे गुण वर्गात रोज जे दिसतं त्यावर द्यायचे आहेत. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, तरी रोजच्या तपासणीची गरज त्याने कमी होत नाही, उलट वाढते.

बिघडतं ते अंमलबजावणीत. प्रत्येक साधनाची एक छोटी लेखी चाचणी होऊन बसते. वर्णनात्मक नोंदी एप्रिलमध्ये एका बैठकीत, तयार वाक्यांच्या यादीतून उतरवल्या जातात, आणि ‘विशेष प्रगती’खाली तीस मुलांच्या नावापुढे ‘हस्ताक्षर सुंदर आहे’ असं येतं. अशी नोंद वाचून पुढच्या आठवड्यात काय शिकवावं हे कुणालाच कळत नाही. नोंदीची उपयुक्तता मात्र यावरच ठरते.

नोंदवही: रोज चार मुलं

दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक मुलाला चार पानं. रोज चार मुलं आधीच ठरवून ठेवा: सोमवारी पहिली चार, मंगळवारी पुढची. वीस मुलांच्या वर्गात पाच दिवसांत प्रत्येकाकडे एकदा नीट पाहणं होतं. हे ठरवलं नाही तर नोंदी सर्वांत हुशार आणि सर्वांत दंगेखोर मुलांच्याच होतात, मधली शांत मुलं वर्षभर कोरी राहतात. शाळा सुटल्यावरची दहा मिनिटं यासाठी राखा. घरी नेऊन लिहायचं ठरवलं तर होत नाही.

एका नोंदीत तीनच गोष्टी: तारीख, काय दिसलं, पुढे काय करायचं. ‘वाचन कच्चं’ हा शेरा झाला. ‘जोडाक्षराजवळ थांबतो, “पुष्कळ”चं “पुकळ” वाचलं, अर्थ विचारल्यावर बरोबर सांगितला’ ही नोंद आहे. यावरून समजतं की मुलाला आशय कळतोय, जोडाक्षरांचा सराव तेवढा हवा.

चूक नीट वाचा

उत्तर चुकलं की लाल फुली मारून पुढे जाणं सर्वांत महागात पडतं. चौथीतली ही वजाबाकी घ्या: ४०२ − १६७. बरोबर उत्तर २३५. वर्गात तीन मुलांची उत्तरं चुकली: दोघांची ३६५ आणि एकाचं २४५. तिघांनाही शून्य गुण. पण ३६५ लिहिणाऱ्यांनी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान आकडा वजा केला: ७ मधून २, ६ मधून ०, ४ मधून १. त्यांना वरची संख्या एक आखी संख्या म्हणून दिसतच नाही. २४५ लिहिणाऱ्याने शतकातून दशक मोकळं केलं, पण त्यातला एक दशक एककाला दिल्यावर दशकाच्या घरात ९ उरतात हे विसरला. तो जवळजवळ पोचला आहे.

या दोन वेगळ्या चुकांना एकच ‘जादा वर्ग’ देऊन उपयोग नाही. पहिल्यांना काड्यांचे गठ्ठे घेऊन स्थानिक किंमत पुन्हा समजावी लागेल, दोन-तीन तास तरी. दुसऱ्याला शंभराच्या चार खोट्या नोटा आणि एकाची दोन नाणी द्या आणि १६७ रुपये द्यायला सांगा. शंभराची एक नोट दहाच्या दहा नोटांत मोडली, त्यातली एक पुन्हा सुट्ट्या रुपयांत मोडली, की हातात नऊ उरलेल्या तो स्वतः बघतो. दहा मिनिटांचं काम.

म्हणून चाचणीतली उदाहरणं अशी निवडा की वेगळ्या चुकीला वेगळं उत्तर येईल. ४५८ − १२३ अशा उदाहरणात चूक लपते. मधे शून्य असलेली उदाहरणं ती उघडी करतात. चाचणी पाच उदाहरणांची पुरे, पण तपासताना वही गुणांप्रमाणे न लावता चुकीप्रमाणे गठ्ठ्यात लावा. दुसऱ्या दिवशीचे गट तयार.

करून दाखवायचं काम: भरतीची वेळ

सहावी ते आठवीला सत्रात एक मोठं काम द्या, ज्यात गणित, विज्ञान आणि भाषा एकत्र तपासता येतात. किनाऱ्यावरच्या, खाडीकाठच्या शाळांसाठी भरतीइतका चांगला विषय दुसरा नाही.

किनाऱ्यावरच्या जुन्या जाणत्यांचा नियम मुलांच्या घरी माहीत असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, अष्टमीला सहाला. मुलांना काम असं द्या: हा नियम आपल्या बंदराला किती लागू पडतो ते मोजून सांगा, आणि लागत नसेल तर दुरुस्त करा.

दिवाळीनंतर, समुद्र शांत असताना हे काम घ्या. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पंचमीपर्यंतचे दिवस निवडा, कारण तेव्हा भरती साधारण दुपारी बारा ते चारच्या दरम्यान, शाळेच्या वेळेत येते. जेटीच्या पायरीवर किंवा धक्क्याच्या भिंतीवर दर १० सेंटिमीटरला खूण करा. प्रत्येक गटात चार मुलं, सोबत एक मोठं माणूस, आणि पायरीच्या खाली कुणीही उतरायचं नाही हा पहिला नियम. उधाणाच्या दिवसांत शेवाळलेल्या पायऱ्या फार निसरड्या असतात.

नेमकी भरतीची वेळ डोळ्यांनी पकडता येत नाही, कारण माथ्यावर पाणी बराच वेळ जवळपास स्थिर दिसतं. इथेच बहुतेक गटांची मोजणी चुकते. युक्ती अशी: पाणी चढताना एका खुणेला कधी लागलं ते लिहा, उतरताना त्याच खुणेला कधी आलं ते लिहा, आणि मधली वेळ काढा. चढताना १०.४० आणि उतरताना १२.१० असेल तर भरती ११.२५ ची. अशी चार-पाच दिवसांची मोजमापं पुरतात.

आता गणित. चंद्राच्या ३० तिथींत भरतीची वेळ पूर्ण २४ तास सरकून पुन्हा जागेवर येते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला तीन मिनिटं कमी पडतात आणि पौर्णिमेपर्यंत ४५ मिनिटांचा फरक साठतो: नियम सव्वाअकरा सांगतो, ४८ मिनिटांचा हिशेब बारा. याशिवाय प्रत्येक बंदराचा आपला फरक असतो, आणि खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा पोचतं. दिनदर्शिकेत छापलेली तिथी सूर्योदयाची असते. ती सकाळीच संपत असेल तर दुपारच्या भरतीला पुढची तिथी धरावी लागते. ही कारणं आधी सांगू नका. मुलांची मोजमापं नियमाशी जुळली नाहीत की ती स्वतः कारण शोधायला लागतात, आणि तपासायचं आहे ते तेच.

गुण देण्यासाठी चार पातळ्यांचा निकषतक्ता करा आणि काम सुरू करण्यापूर्वी वर्गात लावा. पहिली पातळी: मदत घेऊन वेळ नोंदवते. दुसरी: मोजमापं नीट, तक्ता पूर्ण, पण वेळेचं रूपांतर चुकतं, ३.७५ तासांना तीन वाजून ७५ मिनिटं लिहिते. तिसरी: नियम आणि मोजमाप यातला फरक मिनिटांत काढते आणि एक तरी कारण देते. चौथी: ‘आपल्या बंदराला इतकी मिनिटं मिळवा’ असा स्वतःचा नियम मांडते आणि न मोजलेल्या एका दिवसाची वेळ आधी सांगून पडताळून बघते. अंदाज चुकला तरी पडताळणी प्रामाणिक असेल तर चौथी पातळी द्या. तक्त्यात ‘सजावट’, ‘मुखपृष्ठ’ असे निकष घालू नका, नाहीतर काम आई-वडिलांच्या हातचं होतं.

समुद्र लांब असेल तर पावसाचं पाणी घ्या. सरळ भिंतीच्या बाटलीचं पर्जन्यमापक, छपराचं क्षेत्रफळ आणि एवढं सूत्र: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ६० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पडला तर ६,००० लिटर. मे महिन्यात विहीर आटणाऱ्या वाडीत या उत्तराला खरी किंमत आहे.

बोली आणि गुण

विज्ञान तपासताना भाषा तपासू नका. मुलगा ‘भरती ईली की पाणी वर चढता’ असं मालवणीत म्हणाला आणि कारण बरोबर सांगितलं, तर विज्ञानाचे पूर्ण गुण. प्रमाण मराठीत लिहिण्याचं कौशल्य मराठीच्या तासाला, वेगळं तपासा. संगमेश्वरी, आगरी, मालवणी बोलणारी मुलं तोंडी परीक्षेत गप्प बसतात ती बहुतेकदा उत्तर येत नाही म्हणून नव्हे, चुकीचं बोलू या धाकाने. पहिला प्रश्न घरच्या बोलीत विचारा. आंब्याच्या बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं हंगामापुरती वर्गात येतात. त्यांच्यासाठी पहिल्या आठवड्यात अंकांच्या खेळातून आणि चित्रांवरून तपासणी करा, मराठी वाचनावरून त्यांची इयत्ता ठरवू नका.

लेखी पेपर राहील, पण वेगळा

वीस गुणांच्या पेपरात पाठांतरावर सहापेक्षा जास्त गुण नकोत. आठ गुण शिकलेलं वापरण्यावर, सहा न पाहिलेल्या परिस्थितीवर. न पाहिलेली म्हणजे खरोखर न पाहिलेली: मार्गदर्शकातला प्रश्न आकडे बदलून घातला तर तो पाठांतरातच मोजा. मच्छी लिलावाची पावती, एसटीचं वेळापत्रक, वीजबिल यांची प्रत जोडून त्यावर प्रश्न काढा.

तपासलेला पेपर परत देताना त्यावर गुण लिहू नका, फक्त सूचना लिहा. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात नुसती सूचना मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. गुण मिळालेल्यांचं नाही, आणि गुणांसोबत सूचना मिळालेल्यांचंही नाही. गुण दिसला की मूल शेजाऱ्याचा गुण बघतं आणि सूचना वाचायची राहते. म्हणून पेपर दिल्यावर एक पूर्ण तासिका दुरुस्तीला द्या, दोन दिवसांनी गुण सांगा. सूचना एकच, आणि लगेच करता येईल अशी: ‘तिसऱ्या उत्तरात कारण लिहिलंस, आता पाठातला पुरावा जोड’. ‘अजून प्रयत्न कर’ वाचून मूल काहीच करू शकत नाही. सुरुवातीला पालक गुण विचारायला येतील. त्यांना गुण द्या, दोन दिवसांनी, दुरुस्त केलेल्या पेपरासोबत.

पालकांसमोर मूल बोलेल

अनेक घरांत वडील मुंबईला असतात आणि शाळेच्या सभेला आजी येते. वडील गावाला येतात ते गणपतीला आणि शिमग्याला. म्हणून कामाची फाईल दाखवण्याची सभा गौरी विसर्जनानंतर, चाकरमानी परतायच्या आत ठेवा. प्रत्येक मुलाला पाच मिनिटं. ते तीन कागद दाखवेल: एक ज्याचा अभिमान वाटतो, एक जो दुरुस्त केला, एक जो अजून जमत नाही. शिक्षकाने बाजूला बसून ऐकायचं. आदल्या आठवड्यात वर्गात दोनदा सराव घ्या, नाहीतर मूल लाजून सगळं शिक्षकावर सोपवतं.

श्रेणी भरताना

शेवटी तक्ता भरावाच लागतो. एकाच कौशल्याचे चार प्रसंग असतील आणि गुण दहापैकी ४, ५, ८, ९ असतील, तर सरासरी ६.५ येते. पण हे मूल आज ८-९ च्या पातळीवर आहे. जूनमध्ये येत नव्हतं याची शिक्षा ऑक्टोबरमध्ये देऊ नये. शेवटचे दोन प्रसंग धरा आणि नोंदवहीत तसं कारण लिहून ठेवा. केंद्रप्रमुखांनी विचारलं तर मुलाचं पहिलं आणि शेवटचं काम शेजारी ठेवून दाखवा. ९१ ते १०० ला अ-१ आणि ८१ ते ९० ला अ-२ असल्याने काठावरचे बरेच जण असतात. ९० की ९१ यावर वेळ घालवू नका, वर्णनात्मक नोंदीवर घाला. ‘सुधारणा आवश्यक’ या रकान्यात नोंदवहीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवा.

माध्यमिक शाळांनी दहावीच्या विषयांतले २० अंतर्गत गुण याच पद्धतीने द्यावेत. सगळ्यांना १९-२० दिले की त्या गुणांतून कुणालाच काही कळत नाही, मुलालाही नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक मुलासाठी एक पान तयार करा: काय पक्कं येतं, कुठे अडतं, कशाने उमजतं. ‘हातच्याची वजाबाकी नोटांनी समजली, काड्यांनी नाही’ इतकं नेमकं. हे पान जूनमध्ये पुढच्या वर्गशिक्षकाच्या हातात द्या. सातवी-आठवीनंतर मूल दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जात असेल तर दाखल्यासोबत तिथे पोचवा आणि पहिल्या पंधरवड्यात तिथल्या शिक्षकांना फोन करून ते वाचलं का, हे विचारा.